परळची शंभरी, उपनगरांची पाठ

परळच्या केईएम रुग्णालयाने यंदा शंभरी गाठली. जानेवारी १९२६मध्ये दारे उघडलेल्या या संस्थेच्या जन्मकथेत एक अट आहे, आणि ती ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे काही नीट कळत नाही. तोवर मुंबईत डॉक्टर व्हायचे तर मुख्यतः भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज, १८४५पासूनचे. तिथे इथली मुले शिकत, पदके मिळवत. पण प्राध्यापकाच्या खुर्चीवर बहुतेक वेळा सरकारी वैद्यकीय सेवेतला गोरा अधिकारी. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयासाठी पैसे देऊ केले ते या बोलीवर, की इथे शिकवणारे सरकारी सेवेबाहेरचे आणि भारतीयच असतील. रुग्णालयाला नाव मिळाले सातव्या एडवर्डचे, आणि वर्गात शिकवायला मात्र एकही साहेब नाही! असा हा झकास व्यवहार होता.

शताब्दीचे गौरवांक निघतील, जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे होतील, इमारतींच्या दुरुस्तीच्या घोषणाही होतील. ते सारे होवो. आम्हाला या निमित्ताने एका फार अरुंद जागेबद्दल लिहायचे आहे. ती जागा म्हणजे कवटीच्या तळापासून माकडहाडाच्या दिशेने मणक्यांच्या आतून उतरत जाणारी पोकळी. तिच्यात एक-दीड सेंटिमीटर जाडीचा मज्जारज्जू, त्याच्याभोवती पाणी, पाण्याभोवती आवरणे आणि सर्वांत बाहेर हाड. हाड ताणले जात नाही. त्यामुळे आत काहीही वाढले, मग ती गाठ असो, क्षयाचा पू असो, सरकलेली गादी असो की जाड झालेला अस्थिबंध, अंग चोरायची पाळी येते ती मज्जारज्जूवर. तो बरेच दिवस अंग चोरतोही. मग एके दिवशी चोरायला जागाच उरत नाही.

या पोकळीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे डोके मानेवर टेकते तिथे, परळने जगाला काही दिले आहे. आपण ‘नाही’ म्हणायला मान हलवतो ती मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधल्या सांध्यावर. हा सांधा जन्मतःच सैल असला, किंवा संधिवाताने, क्षयाने, अपघाताने सैल झाला, तर वरचा मणका पुढे घसरतो आणि मधल्यामध्ये मज्जारज्जू चेपतो. हातापायांतले बळ जाते. दाब वाढला तर श्वासावर बेतते. त्या जागी स्क्रू बसवणे सोपे नव्हते, कारण दोन्ही अंगांना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आणि सांध्यावर शिरांचे तट्ट भरलेले जाळे. त्यामुळे कित्येक दशके सर्जन मागच्या बाजूने दोन्ही मणके तारेने बांधत, मध्ये हाडाचा तुकडा ठेवत आणि तो जुळेपर्यंत रुग्णाची मान जखडून ठेवत. केईएमचे डॉ. अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी डॉ. लाहेरी यांनी १९९४मध्ये ‘अ‍ॅक्टा न्यूरोकिरुर्गिका’ या नियतकालिकात वेगळी रीत मांडली. सांध्यालाच हात घालायचा, त्यातली कूर्चा खरवडून काढायची, तिथे हाडाचे तुकडे भरायचे आणि दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू घालून ते धातूच्या पट्टीने जोडायचे.

२००१मध्ये जर्मनीतल्या हार्म्स आणि मेल्चर यांनी त्याच जागी पट्टीऐवजी सळई आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्या पद्धतीचा बोलबाला असा झाला, की आधीचे परळ बऱ्याच जणांच्या लक्षातच राहिले नाही. आता जगभरच्या शल्यविशारदांच्या तोंडी ‘गोयल-हार्म्स’ असा जोड उल्लेख असतो. २००२मध्ये केईएमच्या चमूने या शस्त्रक्रियेच्या १६० रुग्णांचा अहवाल दिला आणि २००४मध्ये, मानेचा वरचा भाग कवटीत शिरलेल्या रुग्णांमध्ये हाच सांधा फाकवून मणके जागेवर आणता येतात, हे दाखवले. याआधी अशा बऱ्याच रुग्णांचे हाड तोंडावाटे, घशामागून पोखरून काढावे लागे. एवढ्या दुर्मीळ विकाराचे १६० रुग्ण एका विभागात येतात आणि त्यांच्या नोंदी जपल्या जातात, हे पालिकेच्या रुग्णालयातच घडू शकले असते. रुग्णांची न संपणारी रांग हा आपल्या सार्वजनिक रुग्णालयांना जडलेला शाप. इथे एका विभागाने तिच्यातून विद्या काढली.

गोयल यांचे नंतरचे सगळे म्हणणे जगाने मान्य केलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. लहान मेंदूचा खालचा भाग मणक्यांच्या पोकळीत उतरतो, मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार होते, या विकारांच्या मुळाशीही वरच्या दोन मणक्यांची अस्थिरताच असते, असे त्यांनी गेल्या दशकात आग्रहाने मांडले. मानेचा मणका जिथे झिजतो तिथेही हाड कापून जागा करण्यापेक्षा मणके स्थिर करा, असा त्यांचा रोख. परदेशांतच नव्हे, इथेही अनेक सर्जन हे मानत नाहीत. हाड कापून पोकळी मोकळी करण्याची वाट अजूनही राजमार्ग आहे. पण परळच्या एका विभागाने मांडलेल्या सिद्धान्तावर जगातल्या सर्जनांना वाद घालावासा वाटतो, हे १९२६च्या त्या अटीचे उत्तम व्याज आहे. संशोधनात एकमत फार लवकर झाले की आम्हाला जरा धास्तीच वाटते.

आणि श्रेय एकट्या परळचे नाही. केईएममध्ये न्यूरोसर्जरीचा पाया डॉ. होमी दस्तूर घालत होते त्या काळात भायखळ्याच्या जे. जे.मध्ये डॉ. नोशीर वाडिया याच पोकळीतल्या विकारांची चिकित्सक नजरेने टिपणे काढत होते. वरच्या दोन मणक्यांच्या जन्मजात सरकण्याने मज्जारज्जूला काय होते, याचे २८ रुग्णांवर आधारलेले त्यांचे वर्णन १९६७मध्ये ‘ब्रेन’मध्ये आले. तोवर त्या रुग्णांवर ‘नसांचा काही तरी असाध्य रोग’ असा शिक्का बसण्याचा धोका असे. १९६९मध्ये वाडिया आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. दाराब दस्तूर यांनी मिळून, क्षयाने मज्जारज्जूभोवतीची आवरणे कशी चिकटतात आणि नसांची मुळे कशी गुदमरतात, हे दोन भागांत लिहिले: एकात खाटेवरचा रुग्ण, दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाखालची पेशी. १९७१मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. साथ ओसरल्यावर काही जणांच्या पायांतले बळ जाऊ लागले, पोलिओसारखे, पण प्रौढांमध्ये. वाडिया, इराणी आणि कटरक यांनी डोळे आणि पाय यांचा धागा जोडला आणि ‘लॅन्सेट’ला कळवला. रुग्णाला ‘दोन-चार आठवड्यांपूर्वी तुमचे डोळे आले होते का?’ असे विचारायचे कुणाला तरी सुचले, एवढ्यावर तो शोध उभा होता.

इथून आम्हाला उपनगरांकडे वळायचे आहे.

केईएम उभे राहिले तेव्हा बोरिवली, मुलुंड ही गावे होती. मुंबई पालिकेची हद्द वाढून उपनगरे तिच्यात आली ती १९५०मध्ये, आणि दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली १९५७मध्ये. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३०,८५,४११ माणसे होती आणि उपनगर जिल्ह्यात ९३,५६,९६२. म्हणजे चारातली तीन माणसे वांद्र्या-कुर्ल्यापलीकडची. पालिकेची जुनी तीन वैद्यकीय महाविद्यालये मात्र परळ, मुंबई सेंट्रल (नायर) आणि शीव इथे. उपनगरांतले पालिकेचे पहिले महाविद्यालय कूपर रुग्णालयात सुरू झाले ते २०१५मध्ये, हद्दवाढीनंतर जवळपास सहा दशकांनी. अंधेरीत, मुलुंडमध्ये, घाटकोपरात आज खासगी रुग्णालयांच्या काचेच्या इमारती आहेत आणि तिथे मणक्याच्या अवघड शस्त्रक्रिया उत्तम होतात, यात शंका नाही. पण ज्याच्या विम्याची मर्यादा पहिल्याच अंदाजपत्रकात संपते किंवा ज्याला विमाच नाही, त्याची वाट अजून दादर किंवा परळ स्थानकाच्या जिन्यावरूनच जाते. सप्टेंबर २०२५मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाल्यापासून पश्चिमेकडून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा वळसाही वाढला आहे.

वाटेचे हे रडगाणे नवे नाही, आणि प्रत्येक वॉर्डात एक केईएम बांधा, असेही आम्ही म्हणत नाही. मज्जारज्जूवरची शस्त्रक्रिया जिथे रोज होते तिथेच ती चांगली होते. आमची तक्रार निराळी आहे. या पोकळीतल्या आजारांत रुग्ण पुन्हा चालेल की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या टेबलावर लागत नाही. तो पहिल्या तक्रारीपासून पहिल्या योग्य एमआरआयपर्यंतच्या आठवड्यांत लागलेला असतो. आणि या आठवड्यांवर संशोधन कोण करते आहे?

ते आठवडे कसे जातात ते पाहा. घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावर राहणारी, चार घरची कामे करणारी पन्नाशीची बाई घ्या. पाठीत, छातीच्या मागे, पट्टा आवळल्यासारखे दुखते. आडवे झाल्यावर जास्त. जवळचा डॉक्टर वेदनाशामक देतो. महिन्याने पाय जड होतात. डोंगराच्या पायऱ्या उतरताना गुडघे ताठ राहतात. कुणी म्हणते, नस दबली. कुणी म्हणते, मणक्यात गॅप आहे. मग कमरेचा पट्टा, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने, वजने लावून ताणणे, गावाकडच्या नातलगाने सुचवलेले मालीश. शेवटी कर्ज काढून एमआरआय होतो, तोही कमरेचा, कारण तक्रार पायांची. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली दिसते. पन्नाशीत ती कुणाचीही फुगलेली दिसेल. निदान झाले म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. प्रत्यक्षात तिच्या छातीच्या मणक्यांच्या आत, आवरणावर वाढलेली मेनिन्जिओमाची गाठ असते, आणि कमरेच्या चित्रात ती येणारच नसते. ओल तिसऱ्या मजल्यावर दिसली म्हणून प्लंबरने तिसऱ्याचीच भिंत फोडावी आणि फुटलेला पाइप सातव्यावर असावा, हा सोसायट्यांमध्ये नेहमी घडणारा प्रकार इथे माणसाच्या कण्यात घडतो.

हा प्रसंग कल्पित आहे, पण न्यूरोसर्जनांना विचारा. असा रुग्ण पाहिला नाही असे म्हणणारा विरळा. आणि दुःख याचे, की मज्जारज्जूबाहेर पण आवरणाच्या आत वाढणाऱ्या या गाठी, मेनिन्जिओमा आणि नसांच्या मुळांवरच्या श्वानोमा, बहुधा साध्या असतात. कर्करोग नव्हे. पूर्ण काढता येतात आणि वेळेवर काढल्या तर रुग्ण चालत घरी जातो. मज्जारज्जूच्या आतच उगवणाऱ्या गाठींची गोष्ट अवघड आहे, आणि तिथे सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेची, शस्त्रक्रिया चालू असताना नसांचे संदेश मोजत राहण्याची विद्या गेल्या काही दशकांत खूप पुढे गेली. पण बाहेरच्या साध्या गाठीने कुणी अंथरुणाला खिळत असेल, तर तो दोष गाठीचा नव्हे.

हा उशीर काही फक्त आपलाच नाही. मज्जारज्जूवरची गाठ जगात पहिल्यांदा यशस्वीपणे काढली गेली ती लंडनमध्ये, जून १८८७मध्ये. रुग्ण होते कॅप्टन गिल्बी नावाचे लष्करी अधिकारी. तीन वर्षे पाठ दुखत होती. नामवंत डॉक्टर पाहून झाले होते, निदाने बदलत गेली होती आणि पाय पूर्ण लुळे पडले होते. शेवटी विल्यम गॉवर्स यांनी नुसत्या तपासणीवरून, ना एक्स-रे ना काही, गाठ कोणत्या पातळीवर असेल ते सांगितले आणि व्हिक्टर हॉर्स्ले यांनी ती काढली. त्यांनी आधी अपेक्षित जागी उघडले तेव्हा गाठ सापडली नाही. थोडे वर जावे लागले. गिल्बी पुन्हा चालू लागले. पैसा, ओळखी, लंडनचे डॉक्टर असे सगळे हाताशी असूनही तीन वर्षे गेली. असल्फ्याच्या बाईंना आपण किती देणार?

गॉवर्स यांच्याकडे यंत्र नव्हते, प्रश्न होते. प्रश्नांच्या बाबतीत आपणही काही कमी नाही. इथल्या न्यूरॉलॉजिस्टांनी विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेला एक प्रश्न पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत सापडायचा नाही, कारण ती बूट घालणाऱ्यांसाठी लिहिलेली. प्रश्न असा: चालताना पायातली चप्पल निसटते का? निसटत असेल तर पुढचा प्रश्न: निसटल्याचे कळते का? कळते पण धरून ठेवता येत नाही, तर स्नायूंचे बळ गेले आहे. निसटून मागे राहिली आणि दहा पावलांनी कुणी तरी ‘अहो, चप्पल’ म्हटल्यावर कळले, तर मज्जारज्जूतून वर जाणारी संवेदना हरवते आहे. तसेच, सकाळी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का? भात कालवताना बोटे अडखळतात का? शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो का? लघवीची घाई होते का, की ती अडते? रात्री दुखण्याने जाग येते का? हे विचारायला तीन मिनिटे लागतात आणि एक रुपयाही लागत नाही. पालिकेच्या ‘आपला दवाखान्यां’मध्ये पाठदुखीच्या प्रत्येक केसपेपरवर हे प्रश्न छापून टाकले आणि यांतल्या दोनांचे उत्तर ‘हो’ आले तर त्या रुग्णाला कमरेच्या नव्हे, संपूर्ण कण्याच्या एमआरआयला आणि न्यूरॉलॉजीच्या ओपीडीला पाठवायची सोय केली, तर किती आठवडे वाचतील? आमचा अंदाज आहे, पुष्कळ. पण अंदाज हा अंदाज. तो मोजायला हवा, आणि मोजणे यालाच संशोधन म्हणतात.

जिथे गाठ साधी नसते तिथे तर हिशेब आठवड्यांचा नसून दिवसांचा असतो. स्तनाचा, फुप्फुसाचा, प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात उतरतो आणि पोकळीत घुसून मज्जारज्जू दाबतो. अशा रुग्णांवर आधी शस्त्रक्रिया आणि मग किरणोपचार करावेत की नुसते किरणोपचार पुरेत, याची अमेरिकेतली १०१ रुग्णांची चाचणी २००५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकले, नुसत्या किरणोपचारांनंतर ५७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. अर्थात ते निवडक रुग्ण होते: एकाच जागी दाब, प्रकृती शस्त्रक्रियेला झेपणारी. सरसकट सगळ्यांना हे लागू नाही. सरसकट लागू पडते ते एवढेच, की उपचार सुरू होताना जो चालत असतो तोच बहुधा नंतरही चालतो; आधीच लुळा पडलेला क्वचितच उठतो. बोरिवलीहून टाटा रुग्णालयापर्यंत यायला लोकलमध्ये अपंग आणि कर्करोगींचा डबा आहे. ‘पायात मुंग्या येतात’ ही तक्रार ‘चालता येत नाही’ होण्याआधी त्या डब्यात चढायचे, हे रुग्णाला कुणी सांगितलेले असते का?

याच क्षेत्रातली दोन संशोधने आम्हाला फार मोलाची वाटतात, कारण त्यांनी ‘आणखी काय करता येईल’ याऐवजी ‘किती कमी पुरेल’ असे विचारले. पहिले ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाचे. मणक्याचा क्षय म्हणजे सहा-सहा महिने सक्तीने पडून राहणे आणि धडाला प्लास्टर, अशी तेव्हाची रीत. कोरियात रुग्णांचे गट करून पाहिले तेव्हा १९७३मध्ये दिसले, की औषधे नीट घेतली तर पडून राहण्याने किंवा प्लास्टरने काही अधिक साधत नाही. लाखो गरिबांची खाट सुटली. पाठोपाठ १९७५मध्ये वाराणसीच्या डॉ. सुरेंद्र तुली यांनी ‘मध्यममार्ग’ मांडला: औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया ज्याला खरोखर गरज आहे त्यालाच. दुसरे २०१९चे, ब्रिटनमधले. कर्करोगाने मज्जारज्जू दाबलेल्या रुग्णांना किरणोपचारांच्या पाच बैठका द्यायच्या की एकच? आठ आठवड्यांनी चालू शकणारे एका बैठकीनंतर ६९.३ टक्के, पाचांनंतर ७२.७. दोन्ही सारखेच, असे छातीठोकपणे म्हणण्याची आधी ठरवलेली कसोटी थोडक्यात हुकली, हे खरे. तरीही ज्याचे आयुष्य महिन्यांत मोजायचे आहे आणि ज्याला प्रत्येक बैठकीसाठी विरारहून यायचे आहे, त्याच्यासाठी या आकड्यांचा अर्थ फार वेगळा लागतो.

मणक्याच्या क्षयाचे मुंबईत आज नवेच दुखणे आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर सहा महिन्यांची नवी, आटोपशीर औषधयोजना आली. पण ती मुख्यतः फुप्फुसांच्या क्षयासाठी. हाडांच्या आणि मेंदूच्या क्षयाला जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यातून वगळले आहे, कारण तिथे पुरेसा अभ्यासच नाही. मणक्याच्या क्षयाचे इतके रुग्ण पाहणाऱ्या शहरातून तो व्हावा, ही अपेक्षा फार नाही. या रोगाची एक जमेची बाजू मात्र आहे: मे २०१२पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची झाली. निदान मोजदाद तरी होते.

साध्या गाठींची तीही होत नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी देशातली पहिली, १९६३ची. पण तिचे लक्ष नावाप्रमाणे कर्करोगावर. मज्जारज्जूवरची साधी गाठ माणसाला कर्करोगाइतकीच अपंग करू शकते. अमेरिकेने हे ओळखून २००२मध्ये कायदा केला आणि २००४पासून मेंदू व मज्जारज्जूच्या साध्या गाठीही नोंदणीत घेतल्या. आपल्याकडे बोरिवली, कांदिवली, मुलुंडमध्ये वर्षाला अशा किती गाठी निघतात, निदानाआधी किती महिने गेले, किती जण चालत आले आणि किती जणांना स्ट्रेचरवरून आणले, हे आज कोणी सांगावे?

या उशिराला आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल सभ्य लोक खासगीतच बोलतात. रुग्ण कोणत्या सेंटरला पाठवायचा, हे कधी कधी रोगावरून ठरत नाही, ‘कट’वरून, म्हणजे पाठवणाऱ्याला मिळणाऱ्या दलालीवरून ठरते. कट प्रॅक्टिसविरुद्ध या शहरात सर्वांत सातत्याने लिहिणारा माणूस केईएमचाच होता, आणि तोही न्यूरोसर्जन: डॉ. सुनील पंड्या. १९९३मध्ये मुंबईतून वैद्यकीय नीतिशास्त्राचे नियतकालिक सुरू झाले, तेव्हा त्याचे संपादन त्यांनी केले. २०१७मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदाही करवून घेतला. कायदा काही झाला नाही. चुकीच्या जागेचा एमआरआय काढायला लावणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात पैसाच असतो, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बहुतेकांच्या मनात घाई असते. ओपीडीत बाहेर पन्नास जण बसलेले असताना चप्पल कशी निसटते, हे विचारायला सवड कुणाला? पण घाई आणि कट यांनी मिळून कोणाचे किती आठवडे खाल्ले, हेही मोजता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजना मदतीला येते ती रुग्ण दाखल झाल्यावर. तोवरचे सारे चित्रण, इंजेक्शने, पट्टे घरच्या पैशाने. उशीर म्हणूनच महागही पडतो.

शताब्दीनिमित्त नवी इमारत, नवा रोबो, नवे केंद्र यांच्या मागण्या होतील आणि त्यांतल्या काही रास्तही असतील. आमची मागणी स्वस्त आहे. गेल्या दहा वर्षांत केईएम, शीव, नायर आणि कूपरमध्ये मज्जारज्जूवरच्या दाबासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे केसपेपर काढावेत. त्यांवर पिनकोड असतो, पहिल्या तक्रारीची तारीख असते, आधी कुठे कुठे दाखवले ते असते, कोणत्या भागाचा एमआरआय आधी झाला ते असते, दाखल होताना रुग्ण चालत होता का ते असते. हे पाच रकाने नकाशावर मांडले, की दहिसरपासून मुलुंडपर्यंत कोणत्या वॉर्डात किती आठवडे सांडतात, ते दिसेल. ते दिसले, की प्रश्नांचा छापील केसपेपर आधी कोणत्या दवाखान्यांत द्यायचा आणि संपूर्ण कण्याच्या एमआरआयची सवलत कुठे सुरू करायची, हे ठरवायला समिती लागणार नाही. वाडियांनी २८ रुग्णांवर काम केले, गोयल यांनी १६०वर. हे काम एका एमसीएचच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाएवढे आहे. त्यात नवे यंत्र नाही, नवा स्क्रू नाही, परदेशी परिषदेत टाळ्या घेईल असे काही नाही. विषय मंजूर करणाऱ्यांनी त्या कारणावरून तो परत पाठवू नये, म्हणजे झाले.